पिल्लांचं फोलपट अडवणारी चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. अंगभर भोकं असली, तरी माझा तोरा एकाही भोकातून गळला नाही. अहमदपूरच्या बाजारात एका कारागिराने पत्र्याच्या कड्याला तारेची जाळी ठोकून मला घडवलं. पारूबाईने मला दोनदा वाजवून बघितलं आणि घरी नेलं.

तेरा वर्षं मी तिचं ज्वारीचं पीठ चाळलं. "हिच्यावाणी चाळणी गावात न्हाई," असं ती शेजारणींना सांगायची. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

मग तिची लेक लुंबिनी पुण्यातली नोकरी सोडून घरी आली. तिने परसात शेड घातली आणि मांसासाठी वाढवायची कोंबडीची तीनशे पिल्लं आणली. "आई, ही पिल्लं नीट वाढली तर मी हितंच ऱ्हाते. न्हाई तर परत पुणं," ती म्हणाली. लेक पाच वर्षं दूर होती. पारूबाईचा सगळा जीव त्या पिल्लांत अडकला.

लुंबिनी मका आणि सोयाबीनची पेंड बारीक दळून खाद्य करायची, त्यात थोडं तुरीचं फोलपट मिसळायची. पारूबाईला ते पटेना. "येवढ्याशा लेकराच्या घशात कुणी फोलपटं घालतं का?" असं पुटपुटत तिने मला शेडात आणलं. लुंबिनीची पाठ वळली की ती गुपचूप खाद्य चाळायची. मीही फोलपटाचा कण न् कण अडवला. मला वाटायचं, पिल्लं आपल्यामुळेच वाढताहेत.

दहाव्या दिवशी पिल्लं खाली अंथरलेलं भाताचं तूस खाऊ लागली. तेराव्या दिवशी अकरा मेली. जनावरांच्या डॉक्टर राजकन्याताईंनी एक पिल्लू कापून बघितलं. त्याची पाथरी, म्हणजे दाणे दळणारं पोट, मऊ पडली होती आणि तुसाने ठासून भरली होती.

"पाथरीला थोडं भरड लागतंच, त्याबिगर ती बळकट होत न्हाई," ताई म्हणाल्या. "खाद्यात मिळंना, म्हणून यांनी अंथरूण खाल्लं."

"पण मी तर रोज फोलपट घालून राहिले, ताई!" लुंबिनी रडवेली झाली.

पारूबाई मला हातात घेऊन पुढे आली. "म्याच चाळून काढलं, बाई. तू जाऊ नयेस म्हून."

 लुंबिनीने फोलपटाचं घमेलं आईपुढे सरकवलं. "आता रोज तूच टाक," ती म्हणाली.

उरलेली पिल्लं हळूहळू सावरली आणि वजनाला भरली. लुंबिनी राहिली. आता शेडात पिल्लांची दुसरी खेप आहे.

मी मात्र खिळ्यावर आहे. कोंबड्यांच्या खाद्याला लागलेली चाळणी परत पिठाला कोण घेणार? स्वयंपाकघरात नवी स्टीलची आली आहे. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज इथवर येतो आणि मला पारूबाईच्या हातांची फार ओढ लागते. पण ती मला खाली घेत नाही, म्हणून लेक घरात आहे, हेही मला कळतं.

मित्रांनो, माया जरूर करा, पण ज्याच्यावर करता त्याला काय हवं, ते आधी बघा. आणि तुमच्या घरी एखादी जुनी चाळणी गंजत लटकली असेल, तर तिला काम देऊ नका हवं तर; नुसती खाली काढा, पुसा, आणि घडीभर हातात धरा.