अर्धी गोळी

"एकही गोळी चुकवली नाहीत तुम्ही. बाकीच्यांनी धडा घ्यावा," नव्या औषधाच्या चाचणीचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी रिकामी पाकिटं खोक्यात टाकली. समोर बसलेल्या ताईंना मात्र धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं.

तीस वर्षं शर्टांना काजं करणारी ही बाई, कारखान्यात सगळ्यांची ताई. मधुमेह दोघी बहिणींना, पण चाचणीत घेतलं हिला एकटीलाच. धाकटीची मूत्रपिंडं अधू म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं, की यकृतात साखर हाताळणारं एक एन्झाइम असतं, गोळीतलं रसायन त्याचा जोर वाढवतं. ताईंनी घरी जाऊन धाकटीला सांगितलं, "अगं, आतला हमाल पेंगतोय, ही गोळी त्याला ढोसून उठवते." त्यावर धाकटी म्हणाली, माझा तर चक्क घोरतोय.

झालं! ते ताईंच्या जिवाला लागून राहिलं. लहानपणापासून एक बिस्किट मिळालं तरी दोघींनी मोडून खाल्लेलं, मग गोळी तेवढी एकटीनं कशी गिळायची? रोज सकाळी सुरीनं दोन तुकडे करायच्या. धाकटीची साखर उतरली, तोंडावर तजेला आला, आणि ताईंना आभाळ ठेंगणं झालं. वेडी माया, दुसरं काय!

गेल्या मंगळवारी ताई कामावर असताना धाकटी घरात एकटीच वारली.

गप्प बसणं सोपं होतं. पण उद्या हीच गोळी अशाच कुणा अधू माणसाच्या हातावर पडली तर?

"डॉक्टर, अर्धी गोळी मी रोज बहिणीला देत होते. ती गेली."

डॉक्टर रागावले नाहीत, तेच जड गेलं. त्या दिवशी ती जेवली होती का, एवढंच त्यांनी विचारलं. मळमळतंय म्हणून जेवली नव्हती. साखर फार खाली गेली असावी, ते हळूच म्हणाले. अशा वेळी हातपाय थरथरतात, माणूस गोड शोधतो.

"घरात साखर नव्हती का? दोन चमचे पोटात गेले असते तरी..."

"होती. ती चोरून खायची, म्हणून मी डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्याजवळ. कपाटाच्या दारावर तिच्या नखांचे ओरखडे आहेत. मला वाटलं, पडताना आधार शोधला असेल."