गुरुवारचं जेवण रस्त्यापलीकडे

वृद्धाश्रमात सगळे तिला वहिनी म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे म्हातारेसुद्धा. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं, आणि ज्याच्या हातात डाव त्याच्याशी नातं जोडून ठेवावं, एवढा व्यवहार त्या वयात सगळ्यांनाच कळतो. मागच्या खोलीतल्या म्हातारीला मात्र नातं जोडावं लागलं नव्हतं. ती वहिनीची सख्खी सासू. वहिनीचा नवरा गेल्यावर या दोघीच एकमेकींच्या वाट्याला उरल्या होत्या, आणि ही वाटणी दोघींनाही अन्यायाची वाटे.

आश्रमाच्या मागे टेकडी होती. मागे म्हणजे अगदी पाठीला पाठ लावून. सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला तर बसल्या जागी गवत उपटता यावं, इतकी जवळ. त्यांना तो हिरवा देखावा फार आवडे. वहिनीला तो पाहिला की पोटात गोळा येई.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी हा गोळा एवढा मोठा झाला, की तिनं सगळ्यांना अर्ध्या न्याहारीवरून उठवून अवेळी आलेल्या रिमझिम पावसात बाहेर काढलं. टेकडी जागची हलली नाही. जन्मभर बस चालवलेले एक गृहस्थ होते, त्यांना सगळे कप्तान म्हणत. ते पुढे महिनाभर खोकत राहिले आणि दर खोकल्याला वहिनीकडे बघत राहिले. व्यवस्थापक भला माणूस. त्यांनी इंजिनिअर आणून टेकडी दाखवली. इंजिनिअरनं सांगितलं की टेकडी वर्षानुवर्षं टिकेल, नाहीतर एखाद्या पावसात खाली येईल. आधाराची भिंत हवी. तोवर, नीट लागणारी दारं अचानक अडायला लागली तर टेकडी सरकतेय असं समजा, आत थांबू नका. भिंतीची मंजुरी यायची होती, ती यायचीच राहिली. व्यवस्थापकांनी मग वहिनीला बाजूला घेऊन हळूच सुचवलं, की पुढच्या वेळी गोळा आला तर आधी डॉक्टरला दाखवावं.

वहिनीला ते लागलं. पण भांडी घासता घासता तिनं स्वतःशी कबूलही केलं, की पोटाला भीती कळते, तारीख कळत नाही. पोटाच्या भरवशावर माणसं वाचत नाहीत. माणसांना उठून चालायची सवय मात्र लावता येते. आणि आपल्याला दुसरं काही येत नसलं, तरी माणसं जेवायला उठवता येतात.

आधी व्यवस्थापकांनी रीतसर भोंगा लावून सराव घेतला. पहिल्यांदा सगळे आले, कारण नवी गंमत होती. दुसऱ्यांदा निम्मे आले. तिसऱ्यांदा भोंगा वाजला तसं लोकांनी कानातली यंत्रं काढून ठेवली आणि पत्त्यांचा डाव पुढे चालू केला.

त्यानंतर वहिनीनं जाहीर केलं, की गुरुवारचं जेवण रस्त्यापलीकडे, शाळेच्या व्यायामशाळेत मिळेल. ती पातेलं बडवेल; ज्याला भूक असेल त्यानं धुण्याच्या खोलीतल्या दारानं यावं. चष्मा, शाल, कवळी, कशासाठीही जो मागे फिरेल, त्याला रांगेत शेवटी उभं राहावं लागेल. व्यवस्थापकांनी विचारलं, हे फार कडक नाही का होत. ती म्हणाली, सूप गरम असेल.

कुरकुर झाली, पण पोटापुढे कुरकुर किती टिकणार. पाच-सहा गुरुवारांत म्हातारे असे पटापट निघायला लागले, की वहिनीच मागे पडे. शेजारच्या आजोबांचा हात कुणी धरायचा, चाकाची खुर्ची कुणी ढकलायची, हे आपसात भांडून ठरलं आणि म्हणूनच पक्कं झालं. कप्तान रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात आडवा करून मोटारी थांबवत. आयुष्यभर दुसऱ्यांनी त्यांना थांबवलं होतं, त्याचं उट्टं ते काढत होते.

आल्या नाहीत त्या फक्त सासूबाई.

"या वयात जेवणासाठी रस्ता ओलांडू? भिकारीण आहे का मी?"

"ताट मी वाढते. तुम्ही फक्त चालत या."

"इथंच आणून दे."

"नाही आणणार."

सून सासूला उपाशी ठेवते, ही बातमी धोबिणीपासून औषधवाल्यापर्यंत पोचली. वहिनीनं ऐकलं आणि पुढच्या गुरुवारीही ताट आणलं नाही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिच्या लक्षात आलं, की शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई परत जाताना रुमालात उकडलेलं अंडं लपवून नेतात आणि मागच्या खोलीकडे वळतात. तेव्हापासून गुरुवारी वहिनी एक अंडं जास्त उकडायला लागली आणि मास्तरीणबाईंच्या समोर ठेवून दुसरीकडे बघायला लागली. आपला हट्ट आपणच पोखरतोय हे तिला समजत होतं. पण म्हातारीला खरोखर उपाशी ठेवणं तिच्यानं होईना, आणि ताट आणून देणंही होईना.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. त्या सोमवारी न्याहारी आटोपली आणि वहिनी बटाटे सोलायला बसली. तिचं मन हलकं होतं. पोटात गोळा नाही, छातीत धडधड नाही. ती चक्क गुणगुणत होती. मीठ काढायला उठली तर कोठीचं दार उघडेना. सकाळी तर सहज उघडलं होतं. तिनं खांदा लावून रेटलं. दार जागचं हललं नाही. आणि मागच्या भिंतीतून, कुणी भरलेलं पोतं फरशीवरून ओढत न्यावं, तसा आवाज आला.

तिनं पोटाला विचारून पाहिलं. पोट गप्प होतं.

पुन्हा सगळ्यांना पावसात काढायचं, पुन्हा काही व्हायचं नाही, पुन्हा महिनाभर कप्तानांचा खोकला. हे सगळं तिच्या मनात येईपर्यंत हातानं डाव उचलला होता. दार अडलं तर थांबायचं नाही, मग पोट काहीही म्हणो, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. तिनं सगळ्यात मोठं पातेलं बडवायला सुरुवात केली.

म्हातारे निघाले. आज सोमवार आहे, आत्ताच तर खाल्लं, या बाईला वेळकाळ राहिली नाही, असं बोलत निघाले, पण निघाले. एक जण चष्म्यासाठी मागे वळणार तोच बाकीच्यांनी त्याला रांगेच्या शेपटाची आठवण करून दिली. व्यवस्थापक कार्यालयातून धावत आले, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न विचारता चाकाच्या खुर्चीमागे लागले. वहिनीनं पातेलं तिथंच सोडलं आणि ती मागच्या खोलीकडे पळाली.

सासूबाई पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होत्या.

"उठा. टेकडी खाली येतेय."

"मागच्या हिवाळ्यातही येत होती." त्यांनी मान वळवली. "पोटात गोळा आलाय का?"

हो म्हणणं सोपं होतं. गोळ्याचं नाव काढलं असतं तर निदान वाद तरी वाढला असता, आणि वादाच्या भरात म्हातारीला ओढून नेता आलं असतं. पण खोटं बोलायलाही वेळ नव्हता.

"नाही," वहिनी म्हणाली. "पोट एकदम गप्प आहे. कोठीचं दार अडलंय आणि भिंत वाजतेय."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"गोळा नाही ना? मग खरंच असेल," त्या म्हणाल्या आणि पायात चपला सरकवल्या. "तुझं पोट आजवर एकदाही खरं बोललेलं नाही. धर हात."

धुण्याच्या खोलीतून बाहेर पडून त्या रस्त्याच्या कडेला पोचल्या. पावसात कप्तान दोन्ही हात पसरून उभे होते आणि त्यांच्यापुढे एक ट्रक मुकाट थांबला होता. दोघींनी रस्ता ओलांडला आणि मागे ते पोतं ओढल्यासारखं वाजणं एकदम वाढलं. सासूबाईंनी वळून पाहिलं नाही. वहिनीनं पाहिलं. हिरवा देखावा झाडांसकट सावकाश खाली बसत होता. मागची खोली, कोठी, निम्मं स्वयंपाकघर त्याच्या पोटात गेलं, आणि मग बराच वेळ नुसता पाऊस ऐकू येत राहिला.

व्यायामशाळेत व्यवस्थापकांनी डोकी मोजली. चुकलं की काय म्हणून पुन्हा मोजली, आणि मग खाली बाकावर बसून चेहऱ्यावर हात धरून राहिले. सगळे होते. मास्तरीणबाई कुणाची तरी पाठ चोळत होत्या. कप्तानांना खोकला आला, पण त्यांनी तो रुमालात दाबला.

हळूहळू सगळे वहिनीभोवती जमले. आता आश्रमात परत कधी जाता येईल, पाऊस कधी थांबेल, उरलेली टेकडी येईल का, तिचं पोट काय म्हणतं, असं विचारायला लागले. कालपर्यंत ज्या पोटाची टिंगल होई, ते एका सकाळीत देवस्थान झालं होतं. तिनं हात झटकले. पोट काहीच म्हणालं नव्हतं, तिनं सांगितलं, आणि यापुढे म्हणालं तरी ऐकू नका. पण असल्या गोष्टी कोण ऐकतो.

ती उठली आणि व्यायामशाळेच्या भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली. पुढचं दार रुंद होतं. मागच्या दाराला आतून साखळी आणि कुलूप होतं, आणि कुलपावर गंज. तिनं ते ओढून पाहिलं.

सासूबाई त्याच दारापुढे पडलेल्या कसरतीच्या गादीवर टेकल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "काय गं, अडलंय का?"

"कुलूप आहे. किल्ली कुणाकडे आहे बघते."

"नुसतं बघू नकोस, घेऊन ये," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीचा आधार घेत उठल्या. "तोवर मी ही गादी दारातून बाजूला घेते. रस्त्यातच टाकलीय कुणी मूर्खानं."