दूध वजा जाता

सूर्यभान खोटं बोलला नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, आणि न विचारता सांगायची त्याच्या घराण्यात रीत नव्हती.

पैठणजवळच्या त्याच्या माळावर, भर दुपारी, आभाळ निरभ्र असताना गडगडून एक काळा दगड पडला. कवठाएवढा. शेळ्या चौखूर उधळल्या. पोरगी ज्ञानेश्वरी संभाजीनगरच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात संशोधन करत होती. तिला फोन लावला तर ती म्हणाली, "आबा, हात लावू नका. स्वच्छ डब्यात ठेवा, मी उद्या येते." सूर्यभाननं डबा तीनदा घासला. पण त्याच्या बायकोचं, बानाबाईचं म्हणणं पडलं की वरून दारी आलेल्याला असं धुळीनं माखलेलं कसं ठेवायचं? तिनं त्यावर कबरी शेळीचं ताजं दूध ओतलं, हळद लावली, मग विहिरीच्या पाण्यानं धुऊन पदरानं पुसला. लेक शिकलेली, अंधश्रद्धा म्हणून फैलावर घेईल, तेव्हा दोघांनीही चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "बरं झालं, मातीसुद्धा लागली नाही."

महिन्याभरानं तिनं आबांना प्रयोगशाळेत बोलावलं. तिचे मार्गदर्शक सुदर्शन सर, चहा, बिस्किटं, आणि तासाभरात एक पत्रकार यायचा होता. पुंडलिकनगरच्या एका खोलीत चार वर्षं मान मोडून अभ्यास करणारी पोरगी आज हसत होती.

"आबा, या दगडात अमिनो आम्लं सापडली. भरपूर. जीव ज्यानं बनतो त्या विटाच म्हणा. पृथ्वी व्हायच्या आधी तिकडं अंतराळात तयार झालेल्या. आपल्या अंगात त्याच, डाळीत त्याच, दुधात त्याच."

"दुधात?"

"व्हय. दुधातलं प्रथिन त्यांचंच बनलेलं असतं."

सूर्यभाननं बिस्किट बशीत परत ठेवलं. शाळा त्यानं चौथीत सोडली होती, पण दूध ओतलेल्या भांड्यात दूधच सापडणार, एवढं त्याला कळत होतं. तो व्हरांड्यात गेला आणि घरी फोन लावला.

"गप बसा," बानाबाई म्हणाली. "पोरीचं नाव व्हऊ लागलंय. त्यात कशाला माती कालवता?"

खरं सांगायचं तर त्यालाही गप्पच बसायचं होतं. घटकाभर तो बसलाही, बाहेरच्या बाकावर. पण उद्या कुण्या दूरच्या शहाण्यानं हाच दगड तपासला तर? चार लोकांत पोरीला हसतील, आणि कशामुळं हसतात ते तिला कळायचंसुद्धा नाही. हे काही त्याला सोसेना. तो उठून आत गेला.

"सर, त्या दगडावर मी दूध वतलंय. हळद लावलीय. मग धुतलाय."

सरांनी कप खाली ठेवला. ज्ञानेश्वरीचा चेहरा पांढरा पडला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, आबा."

"व्हय."

"चार वर्षं, आबा."

ती रडली नाही. रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. सरांनी पत्रकाराला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

मग ज्ञानेश्वरीनं वही ओढली. दूध किती होतं? कोणत्या शेळीचं? पाणी कुठलं? तो एकेक सांगत गेला.

"हळद कोणी लावली?"

"मीच."

"घरात हळदीचा डबा कुठं असतो, माहीत आहे तुम्हाला?"

सूर्यभाननं खाली पाहिलं. तिनं वहीत 'हळद' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीनं कबरीचं दूध, विहिरीचं पाणी आणि हळद घेऊन आला. तिनं दिलेल्या बाटल्या त्यानं वाटभर मांडीवरून हलवल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

"आबा, ही आम्लं आपल्या दोन हातांसारखी डावी-उजवी असतात. जिवंत गोष्टीतली जवळपास सगळी एका बाजूची. डाव्या हाताचीच म्हणा. अंतराळातली बहुतेक डावी-उजवी सारखी. आपल्याला सापडली होती ती सगळी कबरीची निघाली."

सूर्यभाननं डोळे मिटले. "तुझं लई नुकसान केलं मी."

"ऐका तर. दूध, पाणी, हळद, सगळं वजा केलं. तेव्हा खाली एक आम्ल उरलं. अगदी जरासं. दोन्ही हातांचं, निम्मं-निम्मं. ते कबरीच्या दुधात नाही, हळदीत नाही, तुमच्या-माझ्या अंगात नाही. ते वरचंच आहे, आबा. आधी आमचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. काय वजा करायचं ते तुम्ही सांगितलं म्हणून दिसलं."

सूर्यभानच्या शेजारी बानाबाई कान देऊन उभी होती.

"शोधनिबंधाच्या शेवटी, आभारात, तुमचं नाव घालतोय," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"दगड घावला म्हणून?"

"नाही. दूध ओतलं ते कबूल केलंत म्हणून."

सूर्यभाननं बायकोकडं पाहिलं. तिनं मानेनंच नको म्हटलं.

"मग तुझ्या आईचंबी घाल," तो म्हणाला. "वतलं तिनं."