जकातीचं कार्ड

बायको जाऊन दोन महिने झाल्यावर तिच्या टेबलाच्या खणात त्याला शब्दकोशाचं एक कार्ड सापडलं. बावीस वर्षं ती कोशाच्या कचेरीत शब्दांची कार्डं करत होती. हे शेवटचं, अर्धवट.

'जकात: गावात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतात तो कर. मूळ अरबी, कमाई शुद्ध व्हावी म्हणून गोरगरिबांसाठी काढायचा वाटा. फारसीतून मराठीत.' खाली 'उदाहरण' लिहून जागा कोरी.

तो स्वतः जकात नाक्यावरचा कारकून. नाका बंद होईपर्यंत तीस वर्षं शिव्या खाल्ल्या, पण शुद्ध झालेला एकही माणूस त्यानं पाहिला नव्हता.

ती कोरी जागा त्याच्यामुळेच राहिली होती. कोशाला माणसांच्या तोंडचंच वाक्य लागतं. तिनं विचारलं होतं, "नाक्यावर काय बोलायचे लोक? एखादं सांगा ना." तो म्हणाला होता, "घरात तरी तो शब्द नको." पुढं ती आजारी पडली.

त्यानं पेन घेतलं आणि एका मडकी विकणाऱ्या म्हातारीचं वाक्य तिथं लिहिलं: 'माल टोपलीभर अन् जकात गाडीभर.' कार्ड घेऊन कचेरी गाठली. तिच्या नावाचा एक तरी शब्द अजून छापला जावा, एवढंच त्याला हवं होतं.

संपादकबाईंनी कार्ड उजेडाकडं धरलं. "भावोजी, हे खालचं अक्षर तुमचं ना?"

"हो."

"मग कार्ड रद्द होतं. एका कार्डावर एकच हात, असा नियम आहे. नवं करावं लागेल, आणि करील त्याचं नाव लागेल."

"माझी ओळ खोडा."

"उदाहरण नसेल तर शब्द आत जात नाही. तुमचा नाका उठला, आमचा चालू आहे."

"तुमच्या मैत्रिणीसाठीही नाही?"

बाईंनी चष्मा काढला. "हा नियम तिचाच आहे. माझी चाळीस कार्डं परत केली होती तिनं. दोन दिवस बोलत नव्हते मी तिच्याशी."

ती असती तर हेही कार्ड परत आलं असतं, हे त्याला कळत होतं. नवऱ्याचं म्हणून तर आधी.

"करा नवं," तो म्हणाला.

समोरच्या टेबलावर कार्डं करणाऱ्या मुलीनं कोरं कार्ड ओढलं. त्यानं बायकोचा मजकूर म्हातारीच्या वाक्यासकट सावकाश वाचून दाखवला, मुलीनं उतरवून घेतला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. जुनं कार्ड फाडायचा रिवाज होता. बाईंनी ते फाडलं नाही, त्याच्या खिशात घातलं.

घरी जाताना त्याला नाक्यावरची आणखी सात-आठ वाक्यं आठवली. एकाहून एक फक्कड. कुलूप काढून तो आत गेला आणि ती कुणाला सांगावीत ते न कळून चपला न काढताच खुर्चीवर बसला.