वगळलेला ठोका

व्हर्लिन कॉम्ब्सच्या पुतळ्यावरचं कापड निघालं, तेव्हा डेल्फा स्टॅम्परने टाळ्या वाजवल्या नाहीत. मांडीवर बँजो होता, एवढी सबब पुरली.

केंटकीच्या त्या डोंगरात व्हर्लिनचं नाव निघालं की माणसं 'व्हर्लिनची दौड' गुणगुणतात. ती चाल मुळात डेल्फाच्या आईची, ओमाची. ओमा एका पायाने अधू होती. ओसरीवर वाजवताना ती त्याच पायाने ताल धरी, म्हणून दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक ठोका जास्त पडे. चालीला ती 'लंगडी कोंबडी' म्हणे. व्हर्लिन उन्हाळाभर तिच्या ओसरीवर बसला, तिच्या हातची मक्याची भाकरी खाऊन चाल शिकला. मग जादा ठोका काढून त्याने ती ध्वनिमुद्रित केली आणि तबकडीवर स्वतःचं नाव घातलं. ओमाने जाब विचारला तेव्हा चारचौघांत म्हणाला, "म्हातारीला मोजता कुठं येतं?" त्यानंतर ओमाने बँजो खुंटीवरून काढला नाही.

एकेचाळीस वर्षं डेल्फाने ते वाक्य जपलं. व्हर्लिनचा मुलगा डॉयल समारंभाचं आमंत्रण घेऊन आला, तेव्हा चाल सुरू कोण करणार, एवढंच तिने विचारलं. मान वडीलधाऱ्यांचा, तो म्हणाला. तालमीला ती गुडघ्यांचं निमित्त सांगून गेली नाही.

आता तिने सुरुवात केली. पहिली ओळ सरळ गेली. दुसरीच्या शेवटी ओमाचा पाय पडला. साथीचं फिडल पुढे निघून गेलं, डॉयलचं मँडोलिन अडखळून थांबलं. मंडपात खसखस पिकली. पुन्हा सुरुवात, पुन्हा तिथेच.

माइक समोर आहे हे विसरून डॉयल तिच्याकडे वाकला. "डेल्फामावशी, एक ठोका जास्त पडतोय."

"तुझ्या बापाने काढून टाकलेला, तो."

"मग आम्ही वाजवायचं कसं?"

"आधी चाल कुणाची ते सांग. मला नको, त्यांना."

हसू थांबलं होतं. डॉयलने बापाच्या पितळी तोंडाकडे पाहिलं, मग लोकांकडे. "ही ओमा स्टॅम्परची चाल आहे," तो म्हणाला, आणि हलकेच तिला विनवलं, ठोका आला की मान हलवून खूण करा.

"का रे? तुला मोजता येत नाही?"

तिने चाल धरली, ओमाने कधी धरली नसेल इतकी जलद. मान ताठ ठेवली. एकेक वाद्य गळत गेलं. शेवटी बँजो उरला, आणि मंचाच्या फळ्यांवर तिची टाच.