आडव्या चादरीचं दुसरं टोक

मालाडच्या त्या लहानशा इस्पितळात कल्पिता नर्सिंग असिस्टंट म्हणून लागली, त्याला आठवडा झाला होता. एवढ्यात तिला एक गोष्ट पुरती कळली होती: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस एकट्या बाईनं बदलायची नसते. दुसरी बाई कुठून आणायची, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या वाट्याला भाऊराव आले होते. उजवं अंग लुळं पडलेलं, देह भरलेला, जीभ शाबूत. त्यांच्या कमरेखाली एक आडवी चादर घातलेली असे. दोघींनी दोन बाजूंनी ती गुंडाळून मुठीत धरायची, एकीनं आकडे म्हणायचे आणि 'तीन' म्हणताच मिळून उचलायचं. मग कातडी घासत नाही. कोर्समध्ये हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. इथल्या जुन्या आया कुंदामावशी आणि वसुधा ते फुगडी घालावी इतक्या सहज करत. शिकवायचं काम कुंदामावशींचंच, पण "पाणी भर", "चादरी आण" ह्यापलीकडे त्या कल्पिताशी शब्द खर्चत नसत. शेवटी गुरुवारी तिनं एकटीनंच चादर ओढली आणि भाऊरावांचं कोपर पलंगाच्या कठड्याला खरचटलं.

"पोरी, मी सिमेंटची गोण नाही गं," ते म्हणाले. रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं.

मुख्य नर्स मधुवंती सिस्टरनी मलम लावलं आणि तिला बाजूला घेतलं. "पुन्हा असं झालं तर मला तुला ठेवता येणार नाही. कुंदाताईंकडून शिकून घे."

शिकून घे! ती आली की डब्यापाशी बसलेल्या बायकांचं बोलणं आटायचं. कल्पिताला वाटे, आपल्या अंगाला वास येत असेल. आई मढच्या कोळीवाड्यातली, बाजारात सुकी मासळी विकणारी; घराच्या भिंतींतही वास मुरलेला. म्हणून निघताना ती लिंबाच्या फोडीनं कोपरापर्यंत हात घासायची. भेगांतून लिंबू चरचरायचं.

सोमवार उजाडला, श्रावणातला दुसरा. पहाटे पिंडीवर बेल वाहून ती कामाला आली. दिवसभर निरंकार उपास. दिवे लागायच्या आत, चादरींच्या खोलीत एकटी बसून तिनं डबा उघडला आणि हात जोडले. सोमवार सोडताना तिच्या घरच्या बायका न बोलता जेवत. मध्येच शब्द निघाला तर ताट सोडायचं; मग सकाळपर्यंत नुसतं पाणी.

दोनच घास झाले असतील, तोच समोरच्या खोलीतून कुंदामावशींची हाक आली. वसुधा घरी गेली होती. "ए महाराणी, जेवण होत राहील. काका कडेला सरकलेत."

कल्पिता उठली. हात धुऊन पलंगाच्या पलीकडे उभी राहिली, चादर मुठीत घेतली. मनात म्हणाली, तोंड मिटून उचलेन आणि परत ताटावर बसेन.

"म्हण आकडे," कुंदामावशी म्हणाल्या. "काकांचं तोंड तुझ्याकडे आहे. जिला तोंड दिसतं तिनं म्हणायचं. दुखलं तर तिलाच कळतं ना."

कल्पितानं भाऊरावांकडे पाहिलं. चांगल्या हातानं त्यांनी कठडा धरला होता. बोटं पांढरी पडली होती.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन."

देह अलगद मधोमध आला. भाऊरावांनी डोळे मिटले. "आज गोण नाही. आज पालखी."

कुंदामावशी तिच्यामागून खोलीत आल्या, तर ती डब्याला झाकण लावत होती.

"अगं, जेव की."

"आता नाही चालत, मावशी. सोमवार आहे. बोललं की ताट सोडायचं."

कुंदामावशींनी त्या डब्याकडे बोट केलं. "गेल्या सोमवारी, तुझा पहिला दिवस. मी विचारलं, गाव कुठलं गं तुझं. दोनदा विचारलं. तू मान खाली घालून जेवत राहिलीस."

"ऐकलं होतं मी."

"मग नंतर सांगायचंस."

"नंतर तुम्ही विचारलंच नाहीत."

"आम्ही म्हटलं, कोर्स केलेली पोरगी, आमच्याशी कशाला बोलेल."

कल्पिता आपल्या हातांकडे बघत राहिली. "मला वाटलं, वास येतो."

"लिंबाचा येतो," कुंदामावशी म्हणाल्या. मग कोपऱ्यात ठेवलेल्या रिकाम्या पलंगापाशी गेल्या आणि त्यावर एक आडवी चादर टाकली. "इकडे ये. पाय चुकतात तुझे. एक पुढे, एक मागे. अशी कमरेतून वाकलीस तर चाळिशीत तुझीच कूस दुसऱ्यांना बदलावी लागेल. सकाळी काकांना आपण दोघी घेऊ. आकडे तूच म्हण."

आणि पिशवी उचलून त्या घरी गेल्या. गाव कुठलं, ते आजही विचारायचं राहिलं.

कल्पिता तांब्याभर पाणी प्यायली. रिकाम्या पलंगापाशी तिनं एक पाय पुढे, एक मागे ठेवला आणि चादरीचं टोक मुठीत धरलं. दुसरं टोक पलीकडे गादीवर तसंच पडलेलं होतं.

"एक," ती हळूच म्हणाली.