सेक्टरचं पाणी

"कोन आहे जी तिकडे, नळाजवळ?"

चंपतराव रामटेके दचकून उठले. उठता उठता हातातला कॅन कलंडला आणि चपला भिजल्या. क्वार्टरच्या मागच्या दारात एक तिशीतली बाई लाटणं घेऊन उभी होती. पोळ्या अर्धवट टाकून आली होती की चोराला मारायला निघाली होती, ते त्या लाटण्यावरून कळत नव्हतं.

"मी आहो, रामटेके. तुमच्या पहिले हे क्वार्टर आमचंच होतं."

"मंग आता काय करून राहिले इथं?"

"पाणी भरून राहिलो." एवढं कबूल केल्यावर पुढचंही सांगणं भागच होतं. "मासोयीसाठी."

बाईनं लाटणं खाली केलं नाही. तिचंही बरोबरच होतं म्हणा. भर दुपारी, सगळा सेक्टर झोपलेला असताना, एक पांढऱ्या मिशांचा माणूस आपल्या नळाखाली कॅन लावून बसतो आणि मासोळीचं नाव सांगतो, तर कोण विश्वास ठेवील?

पण गोष्ट खरी होती. भिलाई स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या या क्वार्टरात चंपतरावांनी नोकरीची सगळी वर्षं काढली. रिटायर झाल्यावर ते सोडावं लागलं आणि नवराबायको सेक्टरबाहेर, रिसालीतल्या स्वतःच्या घरात राहायला गेले. शेवंताबाई पहिल्याच आठवड्यात तिथं रुळल्या, शेजारणींशी लोणच्याची देवाणघेवाणही सुरू झाली. चंपतराव मात्र स्वतःच्याच सोफ्यावर पाहुण्यासारखे कडेला बसत. क्वार्टरच्या दारावरून काढून आणलेली नावाची पाटी कागदात गुंडाळलेली जिन्याखाली पडली होती. शेवंताबाईंनी विषय काढला की म्हणत, "लावू नं. घाई कायची आहे?"

सामानाबरोबर एक काचेची छोटी टाकीही आली होती. मुलगी संघमित्रा नोकरीसाठी हैदराबादला गेली, ती आपला फायटर मासा बापाच्या हवाली करून. निळाशार, लांब झालरीसारख्या परांचा. तिनं त्याचं नाव ठेवलं होतं सुलतान. चंपतराव त्याला फोरमन म्हणत, कारण तो दिवसभर एका जागी उभा राहून गाल फुगवायचा आणि काम काडीचं करायचा नाही.

संध्याकाळी संघमित्राचा व्हिडिओ कॉल यायचा. मासा चंपतरावांच्या ताब्यात, म्हणून फोनही त्यांनाच. "जयभीम बाबा! सुलतान ठीक है ना? दाखवा नं." मग माशामागून दोन गोष्टी बापाच्याही वाट्याला येत. मासा मेला, तर हा फोन आईच्या मोबाइलवर जाईल, अशी चंपतरावांना मनातून भीती होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

आणि तो मासा त्यांनी जवळजवळ मारलाच होता. रिसालीत आल्यावर पहिल्यांदा पाणी बदलायची वेळ आली, तेव्हा शेवंताबाई म्हणाल्या, "अवो, थोडंसंच बदलवा. पोरगी सांगून गेली तसं."

"अर्धं काम आपल्याकडे चालत नाई," चंपतराव बाह्या सरसावत म्हणाले. "कॅपिटल रिपेअर म्हंजे कॅपिटल रिपेअर. पूरा माल खाली!"

प्लांटमध्ये भट्टी बंद करून आतून बाहेरून नवी करतात, त्याच थाटात त्यांनी टाकी रिकामी केली. काच घासली, गोटे ब्रशनं खरवडले, बोरचं थंडगार पाणी काठोकाठ भरलं आणि फोरमनला आत सोडलं. संध्याकाळपर्यंत फोरमन तळाला जाऊन आडवा.

तेवढ्यात फोन.

"बाबा, हा हलून कावून नाई राहिला?"

"नाइट करून आला बेटा," चंपतरावांच्या तोंडून निघून गेलं. "झोपू दे त्याले."

प्लांटवाल्याच्या घरात नाइट शिफ्टवरून आलेल्याला कुणी उठवत नाही. संघमित्राचं बालपण कुकरची शिट्टीसुद्धा दाबून ठेवणाऱ्या घरात गेलं होतं. तिनं आवाज खाली आणला, "अच्छा, अच्छा, सोने दो," म्हणाली आणि फोन ठेवला. चंपतरावांना हसावं की रडावं कळेना.

दोष अर्थातच त्यांनी बोरच्या पाण्यावर ढकलला. दुसऱ्या दिवशी स्कूटरला कॅन बांधून जुन्या क्वार्टरवर आले आणि मागच्या नळाचं पाणी घेऊन गेले. ते रात्रभर बादलीत ठेवलं, मग थोडं थोडं बदललं. फोरमन उठला, गाल फुगवू लागला. तेव्हापासून ही वारी चुकली नाही. जाताना स्वतःही दोन ओंजळी पीत आणि रिसालीभर सांगत सुटत, "पाणी प्यावं तं सेक्टरचं! बोरचं काय, नुसतं खारं."

"लोकाचे बुढे बगीच्यात फिराले जाते," शेवंताबाई म्हणत. "आमचे हे पाणी चोराले जाते."

आज चोर सापडला होता. सगळी कहाणी ऐकून बाईनं अखेर लाटणं कमरेला खोचलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. नाव ललिता, माहेर दुर्गच्या मोहन नगरातलं.

"पन काका," ती हसू आवरत म्हणाली, "हे सेक्टरचं पाणी नाईच नं!"

"म्हंजे?"

"गल्लीत पाइपलाइनचं काम चालू आहे. आमी आलो तवापासून टँकर घेऊन राहिलो. वरच्या टाकीत टाकतो, तेच या नळाले येते."

"टँकर कुठचा?"

"रिसालीचा. तिथल्याच बोरवर भरते तो."

चंपतरावांनी कॅनकडे पाहिलं. आजच्या दोन ओंजळी पोटात गेल्या होत्या, आणि गोड लागल्या होत्या. फोरमन तर केव्हाचा रिसालीच्या पाण्यावर जगत होता, परांना नवी झालर फुटली होती. मासा कधीच रिसालीत राहायला गेला होता. मागे राहिले होते ते एकटे चंपतराव. त्यांना एकदम भरून आलं, आणि ते मिशी पुसू लागले.

ललितानं पाहिलं. "चहा मांडते काका. घर पाहून घ्या आतून."

ते आत गेले नाहीत, दारातूनच पाहिलं. हेल्मेट टांगायच्या खिळ्यावर आता भाजीची पिशवी लटकत होती.

"तो खिळा मी ठोकला होता."

"भल्ला मजबूत आहे जी. निघता निघत नाई."

चहा पिऊन चंपतराव रिकामा कॅन घेऊन परतले.

"पकडले गेले का आज?" शेवंताबाईंनी विचारलं.

"तिकडचं पाणी सरलं." त्यांनी अंगणातल्या नळाखाली बादली लावली, भरल्यावर सावलीत सरकवली, आणि जिन्याखालून कागदाचं पुडकं ओढलं.

"अवो, त्याच्यावर जुन्या क्वार्टरचा नंबर आहे नं!"

"असू दे. नाव तं माहंच आहे."

पहिला खिळा ठोकून होतोय तोच फोन आला. शेवंताबाईंनी चंपतरावांचा मोबाइल टाकीसमोर धरला. हातोडीच्या आवाजानं चिडून फोरमन गाल फुगवून उभा होता.

"जयभीम बाबा! सुलतान जागा आहे आज?" त्या नाइटपासून ती रोज असंच विचारायची.

"जागा आहे. नाइट सुटली त्याची," चंपतराव दारातून ओरडले. "जनरल शिफ्टले लागला."

संघमित्रा हसली. मग तिनं विचारलं, "आणि तुमी बाबा?"

"मीबी," चंपतराव म्हणाले, आणि दुसरा खिळा भिंतीला लावला.